सायनॉलॉजी डीएस२२४ प्लस: छोट्या ऑफिसचा ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून कितपत चालतो?

पाचपैकी चार गुण. कापलेल्या एका गुणातला अर्धा दोन जीबी रॅमसाठी आणि अर्धा एक गिगाबिटच्या पोर्टसाठी. मात्र बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातली ऑफिसं ज्या त्रासाला कंटाळून हा नॅस (नेटवर्कला जोडलेला, फायली ठेवायचा डिस्कचा डबा) घेतात, म्हणजे सकाळी साडेनऊला येणारी ‘झेड दिसत नाही’ ही ओरड, तो त्रास बहुतेक वेळा विंडोजच्या बाजूचा असतो. डबा बदलला तरी तो तसाच राहू शकतो. म्हणून इथे डब्याबद्दल थोडं आणि झेडबद्दल जास्त.

आज बहुतेक ठिकाणी ‘सर्व्हर’ म्हणजे अकाउंट्सच्या टेबलाखालचा एक जुना पीसी असतो. त्यावर एक फोल्डर शेअर केलेलं, बाकी सगळ्यांनी ते झेड म्हणून जोडलेलं. सहा-सात टेबलांपर्यंत हे चालून जातं. पुढे अडचणी सुरू होतात. विंडोज १० किंवा ११ एका वेळी बाहेरून फक्त २० जोडण्या घेतं. त्यात एक माणूस म्हणजे एकच जोडणी असं गणित नसतं. फोन, कॉपियर, स्कॅनर हेही त्यातच मोजले जातात. अपडेट आलं की पीसी स्वतःच रीस्टार्ट होतो. शिवाय विंडोज शेअरिंगची जोडणी १५ मिनिटं वापरली नाही की सर्व्हर ती तोडतो आणि झेडवर लाल फुली येते. (जुन्याच पीसीवर दिवस काढायचे असतील तर त्याच पीसीवर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट कॉन्फिग सर्व्हर /ऑटोडिसकनेक्ट:-१’ द्या. एवढ्याने ही तोडातोडी थांबते.) विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे वेगळंच. खरा विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घ्यायचा तर किमान १६ कोअरचं लायसन्स आणि वर प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचं वेगळं लायसन्स. बारा माणसांच्या फाउंड्री ऑफिसला तो खर्च मालकाच्या गळी उतरवणं कठीण. नॅसला कॅल लागत नाही, आणि याची अर्धी विक्री तिथेच होते.

आत काय आहे: इंटेल सेलेरॉन जे४१२५, चार कोअर, २ जीबी रॅम, एका स्लॉटमधून ६ जीबीपर्यंत वाढवता येते, दोन डिस्कची जागा, एक गिगाबिटचे दोन लॅन पोर्ट. एका पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो. एक्सेल, पीडीएफ, कास्टिंगची ड्रॉइंग यांना तो भरपूर आहे. सॉलिडवर्क्सच्या मोठ्या असेंब्ली पाच जण एकदम उघडणार असतील तर तो अपुरा पडेल, आणि यात नंतर वेगवान कार्ड बसवायची सोय नाही. एसएसडी कॅशसाठी एम.२ स्लॉटही नाही. नुसत्या फाइल शेअरिंगला २ जीबी रॅम पुरते. स्नॅपशॉट (फायलींची त्या क्षणाची गोठवलेली अवस्था), बॅकअप आणि कॅमेरे एकत्र चालवायचे असतील तर रॅम आधीच वाढवून घ्या.

डिस्क दोन घ्यायच्या आणि त्या एकमेकींची आरसाप्रत ठेवायच्या. ४ टीबीच्या दोन घेतल्या तर हाती येणारी जागा एकीचीच, आणि विंडोज ती साधारण ३.६ टीबी दाखवतं. दुकानदाराने फसवलं असं समजू नका. ‘डब्ल्यूडी रेड’ आणि ‘डब्ल्यूडी रेड प्लस’ या नावांत एका शब्दाचा फरक आहे, पण साध्या रेडमधल्या बऱ्याच डिस्क एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या, असतात. एक डिस्क बदलून आरसा पुन्हा भरायची वेळ आली की त्या फार रखडतात. रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवुल्फ घ्या. भारतातली वॉरंटी आहे की नाही हे सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून दुकानातच पाहा. कोल्हापुरातून आणला तर बिलावर २७ ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा जीएसटी नंबर आणि आयजीएसटी येईल, बेळगावात किंवा हुबळीत घेतला तर कर्नाटकाचा २९ आणि सीजीएसटी-एसजीएसटी निम्मा-निम्मा. दर दोन्हीकडे १८ टक्के आणि क्रेडिट दोन्हीचं मिळतं, तेव्हा सीमेच्या अलीकडे घ्यावं की पलीकडे हा वाद इथे तरी घालायचं कारण नाही.

आता झेड. डबा चालू केल्यावर पहिलं काम राउटरमध्ये जाऊन त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कायमचा बांधणं. राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये नॅसचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा न बदलणारा क्रमांक) टाका आणि उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० द्या. हे राहून गेलं तर लाईट जाऊन आल्यावर एखाद्या दिवशी त्याला १९२.१६८.१.१७ मिळतो आणि सगळ्या टेबलांवरचे झेड एकदम मरतात. त्याच वेळी ऑफिसात राउटर किती आहेत ते मोजा. इंटरनेटवाल्याचा फायबर मोडेम स्वतःच राउटर असतो, आणि त्याच्यापुढे वायफायसाठी दुसरा राउटर लावलेला असतो. मग अर्धे पीसी १९२.१६८.१ मध्ये आणि अर्धे १९२.१६८.० मध्ये जातात. नॅस आतल्या राउटरवर असेल तर आतल्यांना सापडतो, बाहेरच्यांना सापडत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला की हा घोळ मिटतो. वायफायच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवरून जोडलेल्या लॅपटॉपला नॅस दिसणारच नाही. ते नेटवर्क त्यासाठीच वेगळं ठेवलेलं असतं.

दुसरं काम वापरकर्ते. प्रत्येक माणसाला डीएसएममध्ये, म्हणजे या डब्याच्या स्वतःच्या प्रणालीत, वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. सगळ्यांसाठी एकच ‘ऑफिस’ नावाचा वापरकर्ता करायचा मोह इथे महागात पडतो. पासवर्ड न ठेवता ‘गेस्ट’ने चालवणं तर आता बंदच झाल्यात जमा आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत, शेअरिंगच्या प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली आणि गेस्ट प्रवेश बंद झाला. ती सही बनते पासवर्डमधून निघालेल्या किल्लीने. गेस्टकडे पासवर्ड नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. नवा लॅपटॉप आला आणि ‘संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पासवर्डशिवायचा प्रवेश रोखला आहे’ अशा अर्थाचा संदेश दिसला तर कारण हेच. कितीतरी तंत्रज्ञ येऊन ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) असुरक्षित गेस्ट लॉगऑन चालू करतात आणि सहीची सक्तीही काढून टाकतात. काम होतं, पण त्या लॅपटॉपचं एक कुलूप कायमचं उघडं राहतं. डीएसएममध्ये त्या माणसाचा वापरकर्ता तयार करायला तीन मिनिटं पुरतात. सहीमुळे वेग किंचित घटतो, पण एक गिगाबिटच्या पोर्टवर ऑफिसच्या फायलींना तो जाणवत नाही.

परवानग्यांत एक खाच आहे. डीएसएममध्ये ‘प्रवेश नाही’ हा शेरा सगळ्यांवर मात करतो. एखाद्याला स्वतःच्या नावाने लिहायची परवानगी दिली, पण तो ज्या गटात आहे त्या गटाला ‘प्रवेश नाही’ असेल, तर तो बाहेरच राहतो. एरर ५, म्हणजे ‘ॲक्सेस नाकारला’, दिसला की पासवर्ड तपासत बसण्याआधी गट तपासा. नको त्या गटाला चौकट रिकामी सोडायची. ‘प्रवेश नाही’वर टिक करायची नाही.

तिसरं काम म्हणजे सर्व्हरला हाक मारायची एकच पद्धत ठरवणं: एक तर सगळीकडे आयपी, नाही तर सगळीकडे नाव. विंडोजच्या लेखी \\१९२.१६८.१.१० आणि \\नॅस हे दोन वेगळे सर्व्हर असतात. एकाच सर्व्हरला एकाच लॉगिनमधून दोन वेगवेगळ्या वापरकर्त्यांनी जोडता येत नाही. तसं केलं की एरर १२१९. हा सगळ्यात फसवा एरर आहे, कारण पासवर्ड बरोबर असतो आणि तरीही दार उघडत नाही. कधीतरी कुणीतरी ‘स्कॅन’ फोल्डर साहेबांच्या नावाने उघडून ठेवलेलं असतं आणि आज ‘हिशोब’ स्वतःच्या नावाने जोडायला जातात, तिथे हे होतं. उपाय असा: कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ देऊन कोणत्या जोडण्या आहेत ते पाहा, ‘नेट यूज * /डिलीट’ने सगळ्या तोडा, मग कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल्सखाली त्या सर्व्हरच्या नावाने जे काही साठलं असेल ते काढा. एकदा लॉग ऑफ करून पुन्हा जोडा. आयपीने एक आणि नावाने दुसरी जोडणी करून १२१९ चुकवता येतो, पण सहा महिन्यांनी कोणती कशाने जोडली होती हे कुणालाच आठवत नाही.

जोडताना ‘वेगळे क्रेडेन्शियल्स वापरा’वर टिक हवीच. विंडोज ११ मध्ये बहुतेक जण ईमेल आणि पिनने लॉगिन करतात, आणि विंडोज आधी तीच ओळख नॅसपुढे धरतं. नॅसला ती माहीत नसते. वापरकर्त्याचं नाव ‘नॅसचं नाव\वापरकर्ता’ अशा जोड स्वरूपात लिहा, म्हणजे विंडोज पुढे पीसीचं नाव चिकटवत नाही. शेअरची नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी, मधे जागा न सोडता. अक्षर झेडपासून उलटं घ्या, झेड, वाय, एक्स. एफ किंवा जी घेतलं तर एखाद्या दिवशी पेन ड्राइव्ह तेच अक्षर बळकावतो आणि एरर ८५ येतो.

बाकीचे आकडे पटकन. ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही: केबल, आयपी, नाव किंवा पोर्ट ४४५ (विंडोज शेअरिंगची भाषा एसएमबी, तिचं हे दार). आधी पिंग करा, म्हणजे नॅस हाकेला उत्तर देतो का ते पाहा, मग पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला आयपी आणि पोर्ट ४४५ देऊन पाहा. पिंग जातं आणि ४४५ जात नाही, तर अँटीव्हायरसचा फायरवॉल किंवा नॅसवरची एसएमबी सेवा यांच्याकडे बोट दाखवा. ६७ आला तर सर्व्हर सापडला, पण त्या नावाचं शेअर नाही, बहुतेकदा स्पेलिंग. ८६ किंवा १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकलं. नॅसवर पासवर्ड बदलला आणि पीसीत जुना साठलेला राहिला, की पीसी मागून मागून तोच देत राहतो. काही मिनिटांत ठरावीक चुका झाल्या की डीएसएमचा ऑटो ब्लॉक त्या पीसीचा आयपीच बंद करतो. मग नवा पासवर्ड बरोबर टाकूनही दार उघडत नाही. डीएसएमच्या सिक्युरिटी विभागात जाऊन तो आयपी मोकळा करा. एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’मध्ये नॅस दिसत नाही, हा मात्र बिघाड मानू नका. पत्ता टाइप करून उघडत असेल तर सगळं ठीक आहे.

आता लाईट. हेस्कॉमची लाईट गेली आणि आली की राउटर, स्विच, पीसी, नॅस सगळे एकदम उठतात. एसएसडीचा पीसी अर्ध्या मिनिटात लॉगिनला येतो. नॅसला तयार व्हायला काही मिनिटं लागतात. विंडोज लॉगिन होताक्षणी एकदा झेड जोडायचा प्रयत्न करतं, समोर कुणी नसतं, आणि लाल फुली मारून मोकळं होतं. एक्सप्लोररमध्ये डबल क्लिक केला की फुली जाते, पण एखादं सॉफ्टवेअर थेट झेडवरची फाइल मागायला गेलं की त्याला ड्राइव्हच नाही असं उत्तर मिळतं. यावर चांगला उपाय म्हणजे कायमची जोडणी विंडोजवर सोपवायचीच नाही. पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवा आणि एक छोटी बॅच फाइल करा: नॅसला पिंग मिळेपर्यंत थांब, मग ‘नेट यूज झेड: \\१९२.१६८.१.१०\हिशोब /पर्सिस्टंट:नो’. ती फाइल स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा. पिंगनंतर वीस-तीस सेकंदांची विश्रांतीही घाला, कारण पिंगला उत्तर देणारा नॅस अजून शेअर उघडत असतो. नॅसवर, वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय हार्डवेअर अँड पॉवरमध्ये आहे. तो टिक करा.

यूपीएस घेताना यूएसबी पोर्ट असलेला घ्या. डीएस२२४ प्लस त्या केबलवरून ‘बॅटरी संपत आली’ हा निरोप घेतो, फायली नीट बंद करतो आणि सुरक्षित अवस्थेत जातो. इन्व्हर्टर हा निरोप देऊ शकत नाही. त्याच यूपीएसवर स्विच आणि राउटरही हवेत. नॅस जिवंत आणि स्विच मेलेला, अशा वेळी उघड्या फायली तशाच अडकतात. आणि डबा शॉप फ्लोअरजवळ नको. फाउंड्रीच्या धुळीत लोखंडाचे कण असतात, ते वीज वाहून नेतात. मागचा पंखा ती आत ओढतो.

टॅलीबद्दल स्पष्ट मत: टॅलीचा चालू डेटा याच्यावर ठेवू नका. टॅली फाइलवर चालते, सगळी प्रक्रिया पीसीतच होते, आणि लिहिता लिहिता जोडणी तुटली की डेटा दुरुस्तीला काढावा लागतो. डेटा एका चांगल्या एसएसडीच्या पीसीवर ठेवा, नॅसवर रोजचा बॅकअप घ्या. तरीही झेडवरच हवा असेल तर वायफायवरून कधीच नको. आणखी एक घोटाळा: टॅली ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ असं उघडलं की तिला झेड दिसतच नाही, एक्सप्लोररमध्ये मात्र दिसतो. ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला विंडोज वेगळी ओळख देतं, आणि झेड तुमच्या नेहमीच्या ओळखीला जोडलेला असतो. शक्यतो ॲडमिन म्हणून चालवूच नका. गरजच असेल तर रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टीम इथे ‘एनेबललिंक्डकनेक्शन्स’ नावाची डीवर्ड किंमत १ करा आणि रीस्टार्ट करा. रात्री आपोआप चालणारा बॅकअप झेडवर जात नसेल तर कारण याच घरातलं आहे: सिस्टीम खात्याने चालणाऱ्या सेवेला तुमचा झेड कधीच दिसत नाही. तिथे \\ ने सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या.

मराठी आणि कानडी फाइल नावांचा एक त्रास मात्र याच डब्याचा आहे, आणि तो कुठल्या जाहिरातीत लिहिलेला नसतो. विंडोज नावात २५५ अक्षरं घेतं. नॅसच्या डिस्कवर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरी किंवा कानडीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. शेअर एन्क्रिप्ट केलं की ही मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. ‘उद्यमबाग फाउंड्री मासिक हिशोब एप्रिल २०२४’ हे नाव एक्सेलच्या शेपटीसकट ११८ बाइट होतं, म्हणजे बसतं. कुणी त्याला ‘दुरुस्त प्रत’ जोडलं की १५३, आणि कॉपी अडते. विंडोजचा संदेश नावाबद्दल असला तरी माणूस परवानग्या तपासत बसतो. जुन्या पीसीवरून डेटा हलवण्याआधी लांब नावं छोटी करा, किंवा ते शेअर एन्क्रिप्ट न करता बनवा. (फाइल उघडल्यावर आत गिचमिड दिसली तर तो जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फाँटचा प्रश्न; नॅसला दोष नको.)

मशीन शॉपमध्ये सीएनसीला प्रोग्रॅम पाठवणारा विंडोज एक्सपीचा पीसी असतोच, आणि कोपऱ्यात जुना कॉपियर. दोघांनाही फक्त एसएमबी१ येतं. डीएसएममध्ये किमान प्रोटोकॉल एसएमबी१ केला की दोघे जोडले जातात, पण त्याबरोबर सगळा डबा त्या जुन्या, भोकं पडलेल्या दारावर येतो. किमान एसएमबी२ च ठेवा. कॉपियरला एफटीपीने ‘स्कॅन’ फोल्डर द्या, त्या वापरकर्त्याला बाकी कुठेही प्रवेश नको. सीएनसीच्या पीसीला पेन ड्राइव्ह. गैरसोय आहे, पण त्या पीसीला नेटवर्कवर आणायची गैरसोय जास्त मोठी.

निपाणीच्या गोदामातून किंवा खानापूरच्या शाखेतून हाच झेड हवा असेल तर पोर्ट ४४५ इंटरनेटवर उघडू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा कुलूपबंद खासगी मार्ग, लावा. दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असेल तर व्हीपीएन जोडूनही नॅस सापडणार नाही. शाखेची मालिका १९२.१६८.२० करा. तरीही व्हीपीएनवरचा झेड सुस्त असतो, कारण एक फोल्डर उघडायलासुद्धा शेकडो छोटे निरोप इकडून तिकडे जातात. शाखेत सायनॉलॉजी ड्राइव्हने फायली सिंक करणं बरं.

स्नॅपशॉट हा याचा सगळ्यात चांगला गुण. व्हॉल्यूम (डिस्कवरची वापरायची जागा) बनवताना बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम निवडा, नंतर बदलता येत नाही. रॅन्समवेअर एका पीसीत शिरलं की जोडलेला झेडही कुलूपबंद करतं, पण स्नॅपशॉट पीसीच्या हातात नसतात. दर तासाला एक स्नॅपशॉट ठेवला तर दुपारचं नुकसान सकाळपर्यंत मागे नेता येतं. महिन्यातून एकदा यूएसबी डिस्कवर वेगळी प्रत घेऊन ती डिस्क काढून घरी न्या. दोन डिस्कचा आरसा हा बॅकअप मानू नका.

पंचवीस-तीस माणसं असतील, प्रत्येकाचं लॉगिन एका जागेवरून सांभाळायचं असेल, लोक आज या टेबलावर उद्या त्या टेबलावर बसत असतील, तर हा घेऊ नका. तिथे ॲक्टिव्ह डिरेक्टरी असलेला विंडोज सर्व्हरच हवा आणि झेड ग्रुप पॉलिसीतून द्यावा. तो देताना कृती ‘रिप्लेस’ ऐवजी ‘अपडेट’ ठेवा. ‘रिप्लेस’ जोडणी आधी तोडतो आणि मग जोडतो, आणि तेवढ्यात कुणाची तरी एक्सेल उघडी असते.